निफाडचा पारा महाबळेश्वरच्याही खाली कसा जातो?

प्रश्न : थंडीकर
कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातली निफाडची नोंद डिसेंबर-जानेवारीत कितीदा तरी महाबळेश्वरपेक्षा कमी असते. महाबळेश्वर 1,350 मीटरच्या वर, निफाड साडेपाचशेच्या आसपास. उंचीच्या दर किलोमीटरमागे तापमान साडेसहा अंशांनी उतरतं असं धरलं तर महाबळेश्वरच पाचेक अंशांनी गार हवं. गणित उलटं का पडतं? आणि ‘सरासरीपेक्षा 5 अंश कमी’ म्हणतात ती सरासरी कुठली?

उत्तर : वाराफिरकी
साडेसहा अंशांचा हिशोब ढवळलेल्या हवेचा, म्हणजे मुख्यतः दिवसाचा. निरभ्र, कोरड्या आणि वारा पडलेल्या रात्री तो लागू होत नाही. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते. ढग आणि बाष्प नसलं तर ती अडवायला काहीच नसतं. मग जमिनीलगतची हवा गारठते, जड होते आणि पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन सखल भागात साचते. निफाड गोदावरी-कादवेच्या खोऱ्यातलं. डोंगरमाथ्यावरची गार हवा मात्र खाली निसटते आणि तिच्या जागी बाजूची उबदार हवा येते.

खुद्द महाबळेश्वरातही हेच दिसतं. गावात पारा शून्याच्या बराच वर असतो, पण वेण्णा तलावाकाठी गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरा थर धरतो. जागा सखल, एवढंच कारण.

उत्तर : उत्तरवारा
वर सांगितलं ती रोजच्या रात्रीची गोष्ट. अचानक थंडीची लाट येते ती पश्चिमी झंझावातामागून, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या प्रणालीमागून. झंझावात उत्तर भारतावरून जात असताना आकाशात ढग असतात, त्यामुळे रात्री उलट उबदार राहतात. तो पुढे सरकला, हिमालयात बर्फ पडलं, की कोरडे उत्तरेचे वारे खाली उतरतात आणि खानदेश, नाशिक गारठतं. पूर्वेकडून बाष्प आलं आणि ढग जमले की लाट मोडते.

सरासरी म्हणजे 30 वर्षांची, सध्या 1991 ते 2020 ची. मैदानी भागात किमान तापमान 10 अंश किंवा खाली आणि सरासरीपेक्षा 4.5 ते 6.4 अंशांनी कमी असेल तर थंडीची लाट. त्याहून जास्त घसरण झाली तर तीव्र लाट. म्हणून नुसतं ‘9 अंश’ वाचून लाट ठरवू नये. किनाऱ्यावर निकष 15 अंशांचा आहे. मुंबईत सांताक्रूझला 22 जानेवारी 1962 रोजी 7.4 अंश नोंदले गेले होते.

ला निनाच्या (प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा गार असतं त्या) वर्षी थंडीकडे कल असतो खरा, पण एखाद्या आठवड्याचा गारठा तिच्या नावावर टाकू नका.

उत्तर : द्राक्षमळा
बागायतदारांसाठी महत्त्वाचं : तापमानाची नोंद होते ती जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या पेटीत. उघड्यावरचं पान त्याहून तीन-चार अंशांनी गार असू शकतं. पेटीत 4 अंश दिसले तरी पानावर दव गोठू शकतं.

उपाय म्हणून संध्याकाळी किंवा पहाटे ठिबकने पाणी द्या. ओली माती दिवसा जास्त उष्णता धरते आणि रात्री हळूहळू सोडते. कोरडं, भुसभुशीत रान किंवा जाड पालापाचोळा ही ऊब वर येऊ देत नाही. धुराचा भरवसा धरू नका. उपयोग होतो तो जाळाच्या उष्णतेचा, तोही छोट्या-छोट्या शेकोट्या ओळींत पसरून लावल्या तर. मोठा जाळ हवा सरळ वर घेऊन जातो.

तुषार सिंचन (फवाऱ्याने पाणी) लावलं तर पानांवरचा बर्फ वितळेपर्यंत ते बंद करू नका. एक ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी देतं, पण वाफ होताना जवळपास 600 कॅलरी ओढून घेतं. मधेच वीज गेली तर पानं आधीपेक्षा जास्त गारठतात. भारनियमनाचं वेळापत्रक पाहूनच तुषार सुरू करा.