मदत हवी आहे: मेंढीच्या कातड्याचा गालिचा घरी कसा धुवावा?

नमस्कार मंडळी. आईच्या पलंगाशेजारी लोकरीसकट मेंढीचं कातडं अंथरलेलं असतं. वडिलांनी आणलेलं, त्यामुळे टाकून द्यायचा प्रश्नच नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात त्याला कुबट वास लागलाय, लोकरीच्या गाठी झाल्यात आणि मागची बाजू कडक पडलीय. गरम पाण्यानं कातडं आकसतं, एन्झाइमवाल्या पावडरीनं लोकर खराब होते, हे ठाऊक आहे. म्हणून रिठ्याच्या पाण्यात फडकं पिळून फक्त लोकर पुसायची आणि सावलीत वाळवायचं, असं ठरवलंय. घोंगडं असतं तर बिनधास्त भिजवलं असतं. पण कडक झालेली बाजू मऊ कशी करायची? कोल्हापुरी चपलेला लावतात ते तेल चालेल का, की लोकर चिकट होईल? कातडी कामातल्या जाणकारांनी कृपया सांगावं.