आधी बंद टोक भिंगाखाली पाहा
गॅस क्रोमॅटोग्राफीच्या बारीक नळीला आतून थर देताना, म्हणजे स्टॅटिक कोटिंगमध्ये (नळी द्रावणाने भरून एक टोक बंद करायचं आणि दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम लावून द्रावक उडवायचा), व्हॅक्यूम लावल्यावर द्रावण मध्येच उसळतं, असं तुम्ही लिहिलंत. पंप बदलू नका, बंद टोक तपासा. सील आणि द्रावण यांच्यामध्ये चांदीसारखी बारीक रेघ चमकली, तर तो बुडबुडाच. टोक कापा, पुन्हा भरून बंद करा.

आमच्या बडोद्यात मे महिन्यात द्रावक म्हणून पेंटेन वापरणं फार जिकिरीचं. ३६ अंशांना उकळणारं ते, खोलीच त्याहून तापलेली! नळी भरतानाच बुडबुडे धरतात. मी अशी कामं डिसेंबरवर ढकलते, आणि द्रावणातली हवा अल्ट्रासॉनिक बाथमध्ये आधी काढतेच.

प्रमाणाचं म्हणाल, तर आतून ०.२५ मिमी व्यासाच्या नळीत ०.२५ मायक्रॉन थरासाठी, थर देणाऱ्या पदार्थाचं आकारमानाने ०.४ टक्के द्रावण घ्या. नळी ज्यात ठेवता त्या वॉटर बाथचं तापमान मात्र शेवटपर्यंत हलू देऊ नका.