मदत हवी आहे: बारावी इंग्रजी, फिगर्स ऑफ स्पीचच्या व्याख्या पाठ आहेत पण ओळीत ओळखता येत नाहीत

बारावीची_धावपळ
नमस्कार. दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यातच बारावी आर्ट्सला आहे. सिमिली, मेटॅफर, ॲलिटरेशन जमतं, कारण उपमा, रूपक, अनुप्रास शाळेत झालेत. घोळ पुढे होतो. अप्पा बळवंत चौकातून दोन गाइडं आणली, तर एकाच ओळीला दोघांत वेगवेगळी नावं! पर्सॉनिफिकेशन आणि अपॉस्ट्रॉफी कसं वेगळं करायचं? मेटॉनिमी आणि सिनेक्डकी? आणि आयरनी म्हणजे नक्की काय, टोमणा का? परीक्षेत 'नाव लिहा आणि स्पष्ट करा' असं येतं, तिथे 'स्पष्ट करा' म्हणजे व्याख्या लिहायची का?

सदाशिवपेठी_काकू
बाळा, गाइडं दोन्ही बरोबर असू शकतात. एका ओळीत दोन अलंकार सुखाने नांदतात.
'पाऊस रुसून बसलाय' यात पाऊस माणसासारखा वागतोय, म्हणून पर्सॉनिफिकेशन, आपली चेतनगुणोक्ती. 'अरे पावसा, आज तरी थांब' यात बोलणारा थेट पावसालाच हाक मारतोय, म्हणून अपॉस्ट्रॉफी. पाऊस ऐकू शकतो असं धरलं की थोडं पर्सॉनिफिकेशन त्यात आपोआप येतंच. पण गेलेल्या माणसाला हाक मारली तर नुसती अपॉस्ट्रॉफी.
'घरात खाणारी तोंडं सहा': तोंड हा माणसाचाच भाग, म्हणून सिनेक्डकी. 'शनिवारवाड्याने हुकूम काढला': वाडा काही पेशव्यांचा अवयव नाही, नुसता संबंध आहे, म्हणून मेटॉनिमी.

बारावीची_धावपळ
काकू, तोंडांचं लगेच कळलं! आयरनी राहिली.

पेपर_तपासनीस
त्याचं उदाहरण 'इंचकेप रॉक' या कवितेतच आहे. ॲबरब्रॉथॉकच्या मठाधिपतीने खडकावर घंटा बसवली, म्हणजे वादळात खलाशांना धोका कळावा. राल्फ द रोव्हरने केवळ मठाधिपतीची जिरवायला ती कापून टाकली. पुढे लूट घेऊन परतताना दाट धुक्यात दिशा कळेना, घंटा ऐकू येईना, आणि त्याचंच जहाज त्याच खडकावर आपटलं. स्वतःच्याच करणीने अपेक्षेच्या नेमकं उलट झालं, म्हणून ही सिच्युएशनल आयरनी. आपली पीएमपी बस चुकली तर ते नुसतं दुर्दैव. हल्ली सगळे त्यालाही आयरनी म्हणतात, ते सोडून दे.
बोलण्यातली वेगळी. तासभर उशिरा आलेल्याला 'वा, काय वेळेवर आलात!' म्हणणं ही व्हर्बल आयरनी. हेतू टोचायचा असेल तर तिलाच सार्कॅझम म्हणतात, म्हणजे तुझा टोमणा तिच्यातलाच एक प्रकार. तिसरी ड्रामॅटिक: प्रेक्षकाला माहीत असतं, पात्राला नसतं. देवलांचं 'संशयकल्लोळ' नाटक बघ. फाल्गुनरावाचा संशय खोटा आहे हे आपल्याला ठाऊक, त्याला नाही. सगळी गंमत त्यातच.
आणि स्पष्टीकरणात व्याख्या उतरवू नकोस. त्या ओळीतलं काय कशासाठी आलंय ते लिही. 'फादर रिटर्निंग होम' या कवितेत दिलीप चित्र्यांनी गाडीतून उतरणाऱ्या वडिलांना लांब वाक्यातून गळलेल्या शब्दाची उपमा दिलीय. 'लाइक आहे म्हणून सिमिली' हे अर्धंच उत्तर. शब्द गळला तरी वाक्य पुढे जातं, तसे वडील उतरले तरी गर्दीला फरक पडत नाही, हे आलं की उत्तर पूर्ण.

सदाशिवपेठी_काकू
हे छान सांगितलंत. एक भर घालते: सरोजिनी नायडूंच्या 'इंडियन वीव्हर्स' कवितेत सिंबॉलिझम, म्हणजे प्रतीक, विचारतात. पहाटे बाळाचं झबलं, रात्र पडताना राणीच्या लग्नाचा शेला, गार चांदण्यात कफन. वेळ आणि वस्त्र दोन्ही मिळून जन्म, ऐन उमेद आणि मृत्यू सांगतात. मेटॅफर लिहिशील तर एका ओळीपुरतं धरून लिही. प्रतीक मात्र अख्ख्या कवितेभर पसरलेलं दाखवायचं.

बारावीची_धावपळ
धन्यवाद काकू, धन्यवाद सर. आता 'मनी' ही कविता नाही, आधी 'इंडियन वीव्हर्स'च्या तिन्ही कडव्यांचं असंच लिहून काढते आणि रात्री इथे टाकते. तपासाल का?

पेपर_तपासनीस
टाक. लाल पेन काढून ठेवतो.