‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये कोणाला आवाज मिळाला?

चित्ररसिक (प्रश्न):
मेल ब्रूक्स यांचा १९७४ सालचा हा विनोदी चित्रपट १८७४ च्या अमेरिकी पश्चिमेत घडतो. लोहमार्गावर राबणाऱ्या बार्ट या कृष्णवर्णीय मजुराला एका गोऱ्या गावाचा शेरीफ नेमतात, ते गावकरी वैतागून गाव सोडतील या हेतूने. वंशद्वेषी शिव्यांचा सतत भडिमार असूनही हा चित्रपट वंशद्वेषाविरुद्धचा मानला जातो, हे आपल्याला पटते का?

जुनी रिळे:
मला पटते, कारण शिव्या देणारेच त्यात मूर्ख ठरतात. बार्ट स्वतःच्याच डोक्याला पिस्तूल लावून स्वतःला ओलीस धरतो आणि गावकरी घाबरून शस्त्रे टाकतात, त्या प्रसंगात त्यांच्या मनातली कृष्णवर्णीयाची प्रतिमाच तो त्यांच्यावर उलटवतो. या धारेचे मोठे श्रेय सहलेखक रिचर्ड प्रायर यांना द्यायला हवे. बार्टच्या भूमिकेसाठीही ब्रूक्स यांना तेच हवे होते, पण स्टुडिओने नकार दिल्याने ती क्लीव्हन लिटल यांच्याकडे गेली. शिवाय असा कायद्याचा रक्षक निव्वळ कल्पनेतला नव्हता: गुलामगिरीत जन्मलेले बास रीव्ह्ज १८७५ मध्ये डेप्युटी यू. एस. मार्शल झाले होते. अशा माणसांना हॉलिवुडच्या वेस्टर्नपटांनी कित्येक दशके जागाच दिली नव्हती.

पाणवठा:
बार्टपुरते हे मान्य आहे, पण इतरांचे काय? १८६९ मध्ये पूर्ण झालेल्या सेंट्रल पॅसिफिक लोहमार्गावर हजारो चिनी मजूर राबले होते. चित्रपटात ते केवळ गर्दीत उभे आहेत. मूलनिवासी टोळीप्रमुखाची भूमिका स्वतः ब्रूक्स यांनी केली असून तो यिडिश (युरोपातील ज्यूंची भाषा) बोलतो. परक्या नटांना मूलनिवासी म्हणून रंगवण्याच्या हॉलिवुडी सवयीवर एका ज्यू विनोदकाराने मारलेला हा टोला मला कळतो, तरी मूलनिवासी नटाची संधी त्यातही हुकलीच. मॅडलिन कान यांना सहायक अभिनेत्रीसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, मात्र त्यांच्याखेरीज लक्षात राहील अशी स्त्री शोधावी लागते. शेवटच्या नृत्यप्रसंगात तर पुरुष नर्तकांच्या बायकीपणालाच हसवले आहे, आणि ते मला खटकते.

चित्ररसिक:
आपल्या मुद्द्यामुळे जमिनीचा प्रसंग मला वेगळा दिसू लागला. मदतीच्या बदल्यात मजुरांना जमीन देताना गावकरी कृष्णवर्णीय आणि चिनी मजुरांना नाइलाजाने होकार देतात, मात्र आयरिशांना नको म्हणतात. द्वेषाची ही उतरंड फार नेमकी टिपली आहे. तरीही त्या व्यवहारात चिनी मजुरांच्या वतीने बोलतो तो बार्टच.