चर्चा: हातात पैसा खेळू लागला की समाज उदार होतो? (अमेरिका, १९२०चं दशक)

आडवाट
सुबत्ता आली की धर्मवेड, जातपात आपोआप मावळते, असं वाक्य प्रत्येक चर्चेत कुणीतरी टाकतंच. मला ते पटत नाही. पुरावा म्हणून अमेरिकेचं १९२०चं दशक घ्या.

१९२० साली तिथे साधारण ८० लाख मोटारी होत्या, १९२९ पर्यंत २ कोटी ३० लाख झाल्या. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली ८५० डॉलरला होती, ती दशकाच्या मध्यावर ३०० डॉलरच्या खाली आली. रेडिओ, फ्रिज, कपडे धुण्याचं यंत्र, सगळं हप्त्यावर. इंडियाना राज्यातल्या मन्सी शहरात दोन अभ्यासकांनी मोडकळीला आलेल्या घरांतल्या २६ मोटारवाल्या कुटुंबांची चौकशी केली, तर २१ घरांत बाथटब नव्हता. गाडी मात्र दारात!

याच इंडियानात, याच वर्षांत, कू क्लक्स क्लॅन फोफावला, म्हणजे पांढरे झगे घालणारी, गोऱ्या प्रोटेस्टंटांचं वर्चस्व मागणारी संघटना. यादवी युद्धानंतरचा दक्षिणेतला क्लॅन वेगळा. हा नवा क्लॅन धंदा म्हणून वाढवला गेला. १९२० साली एडवर्ड क्लार्क आणि एलिझाबेथ टायलर या जाहिरातवाल्या जोडीला सभासद आणायचं कंत्राट मिळालं. प्रवेश फी १० डॉलर. त्यातले ४ डॉलर सभासद आणणाऱ्या एजंटाचे, उरलेले वर वर झिरपत जाणार. झग्याचे पैसे वेगळे. आपल्याकडे ‘खाली दोन माणसं जोडा’ म्हणत नातेवाईकांना पिडणाऱ्या स्कीम असतात ना, थेट तसंच. एजंटाने गावात जायचं आणि लोक कशावर चिडलेत ते हेरायचं. कुठे कॅथलिक, कुठे ज्यू, कुठे जपानी, कुठे दारूबंदीतली चोरटी दारू. जे दुखणं असेल त्यावर हेच औषध.

द्वेषाची वर्गणी भरायलाही खिशात १० डॉलर लागतात. सुबत्तेने ते दिले.

निफाडकर
असहमत. आधी सुबत्ता कुणाची ते ठरवा.

पहिल्या महायुद्धात सरकारने शेतकऱ्याला सांगितलं, गहू पेरा. भाव बुशेलला (धान्याचं माप, गव्हाचे साधारण २७ किलो) दोन डॉलरच्या वर. लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर घेतले. युद्ध संपलं, युरोप पुन्हा पिकवू लागला आणि १९२१ पर्यंत भाव निम्म्यावर आला. कर्ज काही निम्मं झालं नाही. १९२१ ते १९२९ मध्ये पाच हजारांवर बँका बुडाल्या, त्यातल्या बहुतेक गावाकडच्या. जास्तीचा माल सरकारने घ्यावा आणि परदेशात विकावा, असं विधेयक तिथल्या संसदेने दोनदा मंजूर केलं. अध्यक्ष कूलिज यांनी १९२७ला आणि १९२८ला, दोन्ही वेळा फेटाळलं. त्याच काळात अर्थमंत्री मेलन यांनी बड्यांच्या आयकराचा वरचा दर ७३ टक्क्यांवरून २५ वर आणला. दशक संपताना शेतावरच्या दहा घरांतल्या जेमतेम एकात वीज होती.

शहराच्या दिव्यांकडे अंधारातून बघणारा माणूस चिडणारच. ही अर्धवट सुबत्तेची करणी आहे. बाकी भावाचं हे रडगाणं वाचताना साल कुठलं तेच विसरायला होतं.

आडवाट
निफाडकर साहेब, शेतीबद्दल एक अक्षर खोडणार नाही. पण क्लॅनवाले फक्त त्या अंधारातले नव्हते. शिकागो, डेट्रॉइट, इंडियानापोलिस, डेन्व्हर, ही काय खेडी आहेत? डेन्व्हरचा महापौर स्टेपलटन क्लॅनच्या पाठिंब्यावर टिकला, आणि त्याच्या नावाचा विमानतळ १९९५ पर्यंत चालू होता. सभासदांत दुकानदार, कारकून, दंतवैद्य, पाद्री. भुकेकंगाल कुणी नाही. हप्ते वेळेवर भरणारी माणसं.

मुक्ता
तुम्ही दोघं क्लॅनवरच अडकलात, म्हणून बायकांचं टंकते.

१९२० साली अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताधिकार मिळाला. पुढच्याच वर्षी गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी केंद्राच्या पैशातून आरोग्यसेवेचा कायदा झाला. परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. पुढाऱ्यांना बायकांच्या मतांचा धाक होता म्हणूनच ना? दक्षिणेतून आलेल्या काळ्या मजुरांना डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात पगार मिळाला, न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत लेखक, गायक उभे राहिले. हे सगळं पैशाशिवाय झालं असतं?

आणि तुमचा तो इंडियानाचा क्लॅनप्रमुख स्टीफन्सन. १९२५ साली एका तरुणीवरच्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात दोषी ठरला, आणि स्त्रीच्या अब्रूच्या गप्पा मारणारी ती संघटना पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. समाजाने तिला झिडकारलं, हेही धाग्यात यायला हवं.

आडवाट
मुक्ताताई, तो आरोग्याचा कायदा १९२९ साली गुंडाळला. बायका गठ्ठ्याने मतं देत नाहीत हे कळल्यावर धाक संपला. आणि १९२३ पासून क्लॅनची बायकांची स्वतंत्र शाखा होती, बायकांनी मतदानाला बाहेर पडावं असा तिचा आग्रह होता! मताधिकारवाली आणि झगेवाली एकच बाई असू शकते, हेच तर या दशकाचं गुपित.

काळ्यांच्या सुबत्तेचं म्हणाल तर ओक्लाहोमातलं टल्सा शहर बघा. ग्रीनवुड ही काळ्यांची दुकानं, हॉटेलं, दवाखाने असलेली भरभराटीची वस्ती. ३१ मे आणि १ जून १९२१, दोन दिवसांत गोऱ्या जमावाने जाळून टाकली. गरीब राहिले असते तर कदाचित कुणाच्या डोळ्यांत खुपले नसते.

तिरकस
थोडक्यात, शेजाऱ्याची मोटार आपल्यापेक्षा मोठी दिसली की संस्कृती धोक्यात. चालू द्या.

सातासमुद्रापार
न्यू जर्सीहून लिहितोय. मुक्ताताईंना वाटतं समाजाने झिडकारलं. माझ्या मते क्लॅन ओसरला कारण त्याचं मुख्य काम सरकारनेच करून टाकलं. १९२४च्या कायद्याने प्रत्येक देशातून येणाऱ्यांचा वर्षाचा कोटा, १८९०च्या जनगणनेत अमेरिकेत असलेल्या त्या देशाच्या लोकांच्या २ टक्के केला. १८९०च का? कारण त्यानंतर इटालियन, पोलिश, ज्यू लोंढ्याने आले. इटलीचा वर्षाचा कोटा उरला ३,८४५. आशियाला दार जवळपास बंदच.

आपल्या लोकांचं तर आधीच झालं होतं. भगतसिंग थिंद, पंजाबी शीख, महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्याला नागरिकत्व हवं होतं, पण बाहेरून आलेल्यांत ते फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळे. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओझावा या जपानी माणसाला सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन, तू तो नाहीस. तीनच महिन्यांनी थिंद म्हणाला, मी कॉकेशियन आहे. तेव्हा तेच न्यायालय म्हणालं, शास्त्र राहू दे, सामान्य माणूस कुणाला गोरा समजतो ते बघा. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले. आणि थिंदची बाजू काय होती माहितीये? आम्ही उच्च जातीचे आर्य, लग्नाच्या बाबतीत भारतातल्या आदिवासींकडे तसंच बघतो, जसे तुम्ही काळ्यांकडे बघता.

तिरकस
म्हणजे जातीचा दाखला घेऊन गेले आणि खिडकीवरच्या बाबूने ‘चालत नाही’ म्हणून परत केला. हा भाग शाळेत शिकवा रे कुणीतरी.

निफाडकर
हसण्यावारी नेऊ नका. वैष्णोदास बगई नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी होते. १९२१ साली मिळालेलं नागरिकत्व या निकालानंतर गेलं, मालमत्तेचे हक्क गेले, १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. पैसेवाला माणूस, घरदार असलेला. इथे मात्र मला आडवाट यांचं म्हणणं मान्य करावं लागतंय. पण थिंदना शेवटी नागरिकत्व मिळालं १९३६ साली, म्हणजे मंदीत! मग तुमच्या तर्काने मंदी आली की समाज उदार होतो का?

सातासमुद्रापार
नाही हो. १९३५ साली महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी खास कायदा झाला, त्यात ते बसले. उदारपणाचा काही संबंध नाही. बाकी भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं, आणि तेव्हाही कोटा वर्षाला १०० माणसांचा.