ग्रीटिंग कार्डांचे नमुने आणि आयडिया नीट लावायच्या कशा? पसारा हाताबाहेर गेलाय

पसारामाई

नमनाला घडाभर तेल नको, थेट सांगते. गेली नऊ-दहा वर्षं मी हाताने ग्रीटिंग कार्डं करतेय, विकत वगैरे नाही, घरच्यांना आणि मैत्रिणींना देण्यापुरतीच, पण करते भरपूर. आणि प्रत्येक कार्डाच्या आधी दोन-तीन ट्रायल होतातच, ही शाई या कागदावर कशी बसते, स्टॅम्प पूर्ण उठतोय का, घडीला कागद फाटतोय का, आणि ते तुकडे काही माझ्याने टाकवत नाहीत. आत्ताची परिस्थिती म्हणजे बुटांचे तीन खोके, एक कापडी पिशवी, शिवाय एका जाडजूड पुस्तकात "तात्पुरते" ठेवलेले शंभरेक तुकडे, त्यालाही चार वर्षं झाली.

आयडियांचं तर विचारूच नका. फोनमध्ये १४०० च्या वर स्क्रीनशॉट आहेत, डायरीच्या मागच्या पानांवर आहेत, वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर आहेत.

परवा निळसर राखाडी बॅकग्राउंडवर पांढऱ्या पावडरीने हीट एम्बॉसिंग करून (ओल्या शाईवर पावडर टाकून ती गरम हवेने वितळवून उठाव आणायचा) फांद्या काढायच्या होत्या. दोन शाया मिसळून तो राखाडी जमवण्यात अख्खी संध्याकाळ गेली. जमला एकदाचा. चार दिवसांनी दुसरंच काहीतरी शोधताना खोक्यात तोच नमुना हाताला लागला, हुबेहूब तोच राखाडी, त्याच फांद्या, माझाच!! आणि मागे एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणजे वेळेवर सापडला असता तरी कुठल्या दोन शाया ते कळलंच नसतं. काखेत कळसा, आणि कळशाला बूडही नाही.

तर प्रश्न असा की हे लावायचं कसं? वाढदिवस, लग्न, बाळ, लवकर बरे व्हा असं प्रसंगाप्रमाणे, का स्टॅम्पिंग, क्विलिंग (कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी), पॉपअप (उघडल्यावर उभं राहणारं) असं टेक्निकप्रमाणे? अल्बम बरा का खोका? आणि त्या स्क्रीनशॉटचं काय करू?

कात्रीवाली

प्रसंगाप्रमाणे अजिबात नको गं. मी दोन वर्षं तसंच ठेवलं होतं आणि वाढदिवसाचा कप्पा फुगून फाटायची वेळ आली, बाकीचे रिकामे. आणि कार्डावरची ओळ बदलली की प्रसंग बदलतो, तुझ्या त्या राखाडी फांद्या लग्नालाही चालतील आणि आभाराच्या कार्डालाही. तू खोक्यात काय शोधत होतीस ते आठव. "वाढदिवस" नव्हतीस शोधत, "तो राखाडी" शोधत होतीस. मग राखाडीच्या जागी राखाडी सापडला पाहिजे.

मी दोन वेगळे ढीग केलेत. एक रंगाचे आणि कागदाचे तुकडे, त्यात डिझाईन काही नाही, नुसती शाई. दुसरा टेक्निकचे नमुने. रंगाच्या ढिगासाठी एक पूर्ण रविवार दे, नंतर वाचतो तो वेळ. माझ्याकडे २४ शाया आणि नेहमीचे ५ कागद, म्हणजे १२० चौकोन झाले, प्रत्येक शाई प्रत्येक कागदावर एकदा. शाईच्या डबीच्या झाकणावरचा रंग आणि कागदावर वाळलेला रंग यांचा काडीचा संबंध नसतो हे त्या दिवशी कळलं, तपकिरी कागदावर तर माझी फिकट पिवळी दिसलीच नाही, लावली होती का नाही असं वाटलं.

आणि सगळे तुकडे एकाच मापात काप. मी अडीच बाय साडेतीन इंच घेते, पत्त्यांसारखे हातात धरता येतात, एका ए४ मधून नऊ निघतात आणि नऊ खिशांची जी पानं मिळतात रिंगफाईलची त्यात बरोबर बसतात.

पण सगळ्यात महत्त्वाची आहे पाठ. पाठीवर रेसिपी नसलेला नमुना म्हणजे नुसता रंगीत कागद. माझ्या एका तुकड्याची पाठ जशीच्या तशी देते:

"पांढरा ३०० जीएसएम, गुळगुळीत. काळी पिगमेंट शाई. पाच मिनिटांनी बोट लावलं तर पसरली. या कागदावर हीट गनशिवाय नको."

बस, येवढंच. (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, त्यावरून जाडी कळते. पिगमेंट शाई कागदात न मुरता वर बसते, सावकाश वाळते.) नाव नाही, नंबर नाही. फसलेलं आवर्जून लिही, जमलेलं हात आपोआप लक्षात ठेवतो, फसलेलं नाही ठेवत.

शाईचाडाग

कात्रीवाली, पाठीच्या मुद्द्याला +१००. पण खिशांच्या पानांबद्दल एक पोळलेला अनुभव सांगतो. मी मिळतील ती पानं आणली होती, मऊ, चकचकीत, नवीन रेनकोटसारखा वास येणारी. दीड वर्षाने फाईल उघडली तर लेझर प्रिंटरवर काढलेल्या माझ्या सगळ्या ओळी कागद सोडून प्लास्टिकला चिकटलेल्या. तुकडा बाहेर ओढला तर "मनःपूर्वक" कागदावर आणि "शुभेच्छा" प्लास्टिकवर उलटी. पीव्हीसी होतं ते. त्याला मऊ ठेवायला जे घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि टोनर, शाई सैल करतं. पॉलिप्रॉपिलीनची पानं घ्या, जरा कडक असतात, वास नसतो, पाकिटावर पीपी लिहिलेलं असतं.

अजून एक, डाय शाईचे (कागदात मुरणाऱ्या रंगाच्या शाईचे) नमुने भिंतीवर लावू नका. मी हौसेने बोर्ड केला होता टेबलासमोर, खिडकीच्या बाजूचे गुलाबी सगळे पांढुरके पडले. आणि मी त्यावरून रंग निवडत होतो, हसू नका.

अर्धीघडी

वरातीमागून घोडं, पण घड्यांबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते.

घडीचे नमुने सजवलेले ठेवू नकोस. झेड फोल्ड (इंग्रजी Z सारखी घडी), गेट फोल्ड (दोन्ही बाजू फाटकासारख्या मधे मिळतात), पॉपअप, सगळ्यांच्या कोऱ्या डमी कर साध्या पांढऱ्या कागदाच्या, आणि मापं त्या डमीवरच पेनाने लिही, जिथे रेघ आहे तिथेच. सजवलेल्या कार्डावरून माप काढणं म्हणजे इस्त्री केलेल्या शर्टवरून कापड बेतण्यासारखं. उदाहरण देते. घडीवर दोन चिरा मारून मधली पट्टी आत ढकलली की साधा डबा-पॉपअप होतो, सगळ्यांना येतो. माझ्या ए६ च्या डमीवर लाल पेनाने लिहिलंय "चीर ५० मिमीच्या वर नाही". कारण कार्ड बंद केलं की ती पट्टी घडीपासून चिरेच्या दुप्पट लांब पोचते आणि ए६ ची रुंदी आहे १०५ मिमी. एकदा ६० ची चीर मारलेली, बंद कार्डातून डबा जीभ काढल्यासारखा १५ मिमी बाहेर. ती फसलेली डमीसुद्धा ठेवलीय, तिच्याकडे बघूनच शिकायला होतं.

दुसरं, डमीवर कागदाच्या ग्रेनचा, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या दिशेचा, बाण काढ. ए४ बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने ग्रेनचा असतो (हलकेच वाकवून बघ, ज्या बाजूने सहज वाकतो त्या वाकाला समांतर ग्रेन). असा ए४ मधून कापून दोन ए५ केले आणि त्यांची घडी घालून ए६ कार्डं केली तर घडी ग्रेनच्या बरोबर जाते, सुरेख पडते. तोच ए४ सरळ मधे दुमडून ए५ चं मोठं कार्ड केलं की घडी ग्रेनला आडवी, आणि ३०० जीएसएम असेल तर तडकते, आतला पांढरा दिसायला लागतो. मी कित्येक वर्षं कागदाला शिव्या घालत होते, चूक माझी होती.

डमी उभ्या ठेवते, कप्प्यांच्या फाईलमध्ये, कप्प्यावर घडीचं नाव. खिशाच्या पानात नाही बसत त्या.

रिकामाडबा

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका. टाकून द्या. सगळं नाही, पण निम्मं नक्की.

मी हे सगळं केलंय. तीन आठवडे सुट्टी घेतल्यासारखा बसलो होतो, तुकडे कापले, नंबर दिले, एक्सेल शीट केली, टेक्निक, रंग, कागद, स्टॅम्प असे अकरा कॉलम. त्या तीन आठवड्यांत एकही कार्ड झालं नाही, दोन वाढदिवस कोरडेच गेले आणि शीट त्यानंतर मी आजतागायत उघडलेली नाही. आवरणं हाच छंद होऊन बसतो हो, आणि त्यात मजा पण येते तेवढीच, म्हणून कळत नाही. पसारामाई, तुम्ही तो राखाडी परत जमवलात ना एका संध्याकाळी? मग काय बिघडलं.

कात्रीवाली

@रिकामाडबा, अकरा कॉलम!! दंडवत घ्या 🙏 नंबर मी पण देत नाही, नंबर आला की यादी आली आणि यादी आली की ती सांभाळायला माणूस आला. पण संध्याकाळ गेली तिची, आणि पुढच्या वेळी परत जाईल. पाठीवर दोन ओळी लिहायला अर्धा मिनिट लागतं, शाई वाळेपर्यंत नाहीतरी आपण बसूनच असतो.

रिकामाडबा

पाठीला माझा विरोध नाही. शीटला आहे.

चौकटराजा

स्क्रीनशॉटचं मी सांगतो, मीही त्याच आजाराचा.

चित्र साठवलं की आयडिया साठवली असं आपल्याला वाटतं. पण सहा महिन्यांनी बघितलं की त्यात आपल्याला काय आवडलं होतं तेच आठवत नाही. रंग? मांडणी? घडी? का नुसता फोटो छान काढला होता? म्हणून मी आता स्क्रीनशॉट घेतला की त्याच दिवशी त्याचा सांगाडा काढतो. काडेपेटीएवढी चौकट, आत फक्त रेघा आणि चौकोन, चित्र नाही. खाली एक ओळ. "तीन उभ्या पट्ट्या, मधली खाली घसरलेली, ओळ उजव्या कोपऱ्यात, बाकी सगळं मोकळं." मग स्क्रीनशॉट डिलीट. दहा सेकंदांत ती ओळ सुचली नाही तर सांगाडाही काढत नाही, सरळ डिलीट, ते फक्त सुंदर होतं, माझ्या कामाचं नव्हतं.

याचा एक फायदा नंतर लक्षात आला. सांगाड्यावरून केलेलं कार्ड आपलं होतं, स्क्रीनशॉट समोर ठेवून केलेलं दुसऱ्याचं. कुणाचं डिझाईन जवळजवळ तसंच घ्यायचं असेल तर करणाऱ्याचं नाव खाली लिहून ठेवतो, पुढेमागे कार्ड विकायची वेळ आली तर ते करायचं नाही हे समजावं म्हणून.

सांगाड्यांची वही नमुन्यांपासून लांब ठेवा. कार्ड करायला बसताना मी आधी वही उघडतो, मांडणी ठरवतो, मग रंगाचे तुकडे त्या चौकटीवर ठेवून बघतो. उलट केलं, म्हणजे आधी तुकडे काढले, की रात्र होते आणि टेबलावर फक्त तुकडे असतात.

१४०० एका दमात काढू नका. रोज दहा-पंधरा, कुठेतरी ताटकळत बसलेलं असताना.

पसारामाई

मंडळी, काय लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. रिकामाडबा, राग कसला, अकरा कॉलमची शीट मी आधीच सुरू केली होती 🙈 सात झाले होते. बंद केली.

काल एक खोका उपसला. २१२ तुकडे निघाले, त्यातले ७० टाकले (डोळे मिटून), बाकीचे अडीच बाय साडेतीन कापले. पण एक गोष्ट कुणीच सांगितली नव्हती, जुन्या तुकड्यांचा गोंद! एका नमुन्यावरची ग्लिटर पट्टी हातात घेताच गळून पडली, डबलटेप वाळून खडखडीत. शेजारच्या तुकड्यावर पांढऱ्या गोंदाने चिकटवलेलं फूल अजून घट्ट, फक्त खालचा पातळ कागद सुरकुतलाय. आणि एकावर रबर सोल्युशन वापरलं होतं वाटतं, कडेने पिवळा तेलकट डाग आलाय. तारीख एकावरही नाही, म्हणजे किती वर्षं टिकलं ते कसं कळणार.

आणि एक शंका. ट्रेसिंगसारखा पारदर्शक कागद आहे ना, त्याच्या नमुन्याच्या पाठीवर लिहिलं की पुढून दिसतं. त्याचं काय करता?

शाईचाडाग

गोंदाचं भारीच सापडलं की! हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. म्हणजे जुना नमुना ही गोंदाची परीक्षाच झाली की, आणि ती मुद्दाम घ्यायची म्हटलं तर पाच वर्षं लागतील. आजपासून तारीख आणि गोंद दोन्ही लिहितो.

पारदर्शक कागदासाठी मी वरच्या कडेला बोटभर रुंद पांढऱ्या कागदाची पट्टी दुमडून स्टेपल करतो, झेंड्यासारखी, आणि सगळं तिच्यावर लिहितो. गोंद नको तिथे, पलीकडून दिसतो.

अर्धीघडी

स्टेपलचा गंज उतरतो कागदावर. दोऱ्याने दोन टाके घाल.

पसारामाई

टाके चालतील, सुई-दोरा त्याच पिशवीत आहे. बहुतेक.