गॅलेक्सीतल्या ढगांचा नकाशा कार्बन मोनॉक्साईडचा का? हायड्रोजन कुठे गेला?

काळोखवेडा:
डिसेंबरात भंडारदऱ्याला आठ इंची दुर्बीण घेऊन दोन रात्री एम ७४ ही गॅलेक्सी शोधत बसलो होतो, तिरप्या नजरेने बघितलं की काहीतरी धुरकट आहे असं वाटायचं आणि सरळ बघितलं की गायब. घरी येऊन रागारागाने तिचे फोटो काढून बसलो तर जेम्स वेबचा तो भोकाभोकांचा फोटो सापडला (जानेवारी २०२४ मध्ये १९ गॅलेक्सींचे आले होते त्यातला) आणि शेजारी चिलीतल्या अल्मा रेडिओ दुर्बिणीचा नकाशा, त्यावर लिहिलंय ‘सीओ’, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड. आता तारे बनतात हायड्रोजनचे हे शाळेत शिकलो, मग नकाशा गिझरच्या बातम्यांतल्या त्या विषारी वायूचा का? आणि एवढा गॅस पडून आहे तर सगळ्याचे तारे होऊन का जात नाहीत?

मिलीमीटरवाली:
हायड्रोजन तिथेच आहे हो, पण दिसत नाही. त्याच्या रेणूत दोन्ही अणू सारखे, त्यामुळे रेडिओ लहरी फेकायला लागतो तो विद्युत असमतोलच नाही. त्याला चमकवायचं तर काहीशे डिग्री गरम करावं लागतं आणि हे ढग असतात उणे २६० च्या आसपास. कार्बन मोनॉक्साईड साधारण दहा हजारात एक रेणू, पण तेवढ्या थंडीतही तो फिरतो आणि २.६ आणि १.३ मिलिमीटरला चमकतो. १९७० मध्ये तो पहिल्यांदा मृगातल्या तेजोमेघात सापडला, तेव्हापासून त्याच्यावरून हायड्रोजनचा हिशोब लावतात. हा हिशोब सगळीकडे एकसारखा लागत नाही बरं का, ज्या छोट्या गॅलेक्सीत कार्बन-ऑक्सिजनच कमी तिथे सीओ फुटून जातो आणि गॅस असूनही नकाशा कोरा.

फॅंग्स नावाच्या प्रकल्पात अल्माने अशा ९० जवळच्या गॅलेक्सी बघितल्या. बारकाई साधारण एक आर्कसेकंद, म्हणजे चार-साडेचार किलोमीटरवरचं रुपयाचं नाणं जेवढं दिसेल तेवढा कोन. एम ७४ सव्वातीन कोटी प्रकाशवर्षांवर, तिथे तेवढ्यात दीडशे प्रकाशवर्षं मावतात. मृगातला अख्खा ढग तिकडे नेऊन ठेवला तर दोन-तीन ठिपके.

सांगलीकर_२७:
दुसऱ्या प्रश्नाचं सोपंय, तारे बनले की सुपरनोव्हा फुटतात आणि ढग उडवून देतात. वेबच्या फोटोतली भोकं तीच.

मिलीमीटरवाली:
अर्धं बरोबर. मोठ्यातला मोठा तारा फुटायलाही तीसेक लाख वर्षं लागतात आणि बऱ्याच ठिकाणी ढग त्याआधीच विस्कटायला लागलेला दिसतो, म्हणजे काम अतिनील प्रकाशाने आणि ताऱ्यांच्या वाऱ्यानेच (ताऱ्यांतून सुटणारे कण) सुरू केलेलं असतं. सुपरनोव्हा मग मोकळ्या झालेल्या जागेत फुटतो आणि भोक मोठं करतो. ढगाचं आयुष्य १ ते ३ कोटी वर्षं, त्यात फार तर शंभरातल्या दहा भागांचे तारे होतात, बऱ्याचदा त्याहूनही कमी. उरलेला गॅस परत पसरतो आणि पुढेमागे दुसऱ्या ढगात गोळा होतो. परातभर पीठ मळायचं, दोन भाकऱ्या थापायच्या आणि बाकीचं परत डब्यात, असला कारभार. म्हणून आत्ताच्या वेगाने सगळा रेणू-गॅस संपायला साधारण २०० कोटी वर्षं लागतील.

काळोखवेडा:
थांबा थांबा, कोटी वर्षांचं आयुष्य मोजलं कुणी? कोण बसलं होतं तिथे?

मिलीमीटरवाली:
कुणी नाही, एकाच फोटोवरून काढतात. वडापावच्या गाडीचा एक फोटो घ्या, रांगेत १५ जण आणि खाताना ५. खायला ५ मिनिटं लागतात हे माहीत असेल तर रांगेत सरासरी १५ मिनिटं जातात हे घड्याळ न लावताच कळतं. इथे रांगेतले म्हणजे नुसता सीओ दिसणाऱ्या जागा, खाणारे म्हणजे नवीन ताऱ्यांमुळे हायड्रोजन लाल चमकतोय त्या जागा. लाल चमक किती लाख वर्षं टिकते ते ताऱ्यांच्या आयुष्यावरून माहितीये, बाकी त्रैराशिक. काही जागी दोन्ही एकत्र दिसतात, विस्कटायला किती वेळ लागतो ते तिथून कळतं.

पुणेरी_अँटेना:
हे सगळं आपल्या खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीवर होईल का? ३० डिश आहेत की, ४५ मीटरच्या.

मिलीमीटरवाली:
नाही होणार. जीएमआरटी साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत, तिथे सुट्या अणूंचा हायड्रोजन दिसतो, २१ सेंटिमीटरवाला, आणि ते कामही जबरदस्त चालतं. सीओ ११५ आणि २३० गिगाहर्ट्झला. शिवाय हवेतली वाफ या लहरी गिळते म्हणून अल्मा ५,००० मीटर उंचीवर, अटाकामाच्या वाळवंटात. आणि खोडदच्या डिश जाळीच्या आहेत, भोकं १० ते २० मिलिमीटर. १.३ मिलिमीटरची लहर सरळ आरपार.

पुणेरी_अँटेना:
हे मात्र खरं, सायन्स डेला गेलो होतो तेव्हा डिशखाली उभं राहून वर बघितलं तर जाळीतून घार उडताना दिसत होती. तेव्हा वाटलं होतं पत्रा बसवायचे पैसे संपले असतील.